कुणाची उजवी?

मी सांगलीची. आमच्या घरी देवाला नमस्कार करायची पद्धत होती, नैवेद्य दाखवायची होती, परीक्षेला जाताना पाया पडायची होती. पण देवाला प्रश्न विचारायची नव्हती. आई म्हणायची, देवाला सांगायचं, विचारायचं नाही. देव ऐकतो एवढं मला माहेरी ठाऊक होतं. तो उत्तरही देतो हे मला लग्नानंतर नोकरीच्या गावी कळलं, आणि तेही अर्धवट. त्या अर्धवट कळण्याच्या जोरावर मी शाळेची मुख्याध्यापिका झाले.

लग्न होऊन साताऱ्यात आले. हे टेलिफोन खात्यात होते. मला मेढ्याच्या बाजूच्या एका गावातल्या हायस्कुलात गणिताच्या शिक्षिकेची नोकरी लागली. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं, असं सतरा वर्षं चाललं. वर्गात मी कुणाला ऐकायची नाही. वर्गाबाहेर मात्र भित्री भागूबाई. सतरा वर्षांत शिक्षकांच्या सभेत मी दोनदा तोंड उघडलं असेल. एकदा खडू फार ठिसूळ येतात म्हणून, आणि एकदा खिडकी लावून घ्या म्हणून.

नव्वदीची मधली वर्षं होती. आमचे मुख्याध्यापक मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. ते ऑफिसच्या दारात नुसते खाकरले तरी सगळं मैदान चिडीचूप व्हायचं. सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्या खाली माझं नाव होतं. मला नको असेल तर मी तसं लिहून देऊ शकत होते, म्हणजे ते पद माझ्या खालच्या सरांना मिळालं असतं. सरांची ना नव्हती. त्यांनी नवा सफारी शिवायला टाकल्याची बातमी आमच्या शिपायानं आधीच आणली होती.

मी नकार लिहून काढला आणि पर्समध्ये ठेवला. ह्यांना दाखवला तर हे म्हणाले, "अगं, देव देतोय तर घे की."

"देव नाही देत, यादी देतेय," मी म्हणाले.

खुर्चीची भीती होतीच, पण खरी भीती मार्चची होती. दहावीचं परीक्षाकेंद्र आमच्याच शाळेत असायचं आणि मुख्याध्यापक हाच केंद्राचा प्रमुख. पेपर सुरू झाला की अर्ध्या तासात शाळेच्या पाठीमागच्या खिडक्यांना गावातली तरणी पोरं लटकायची. गाईडची फाडलेली पानं, चिठ्ठ्या, एकदा तर अख्खं पुस्तक आत आलं होतं. आणि ह्याला गावात कॉपी कुणी म्हणत नसे. गावाचा शब्द होता 'मदत'. "यंदा आमच्या पोराला कोन मदत करनार हाय?" असं बायका एकमेकींना सहज विचारायच्या, भात लावायला कोण येणार विचारावं तसं. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, निवृत्तीपर्यंत त्या तीन तासांत ऑफिसात बसून कागद लिहीत राहिले. इतका धाकाचा माणूस जे थांबवू शकला नाही, ते मी काय थांबवणार होते? आणि थांबवायचं नाही तर खुर्चीवर बसून मी काय करणार होते?

शाळा समितीचे अध्यक्ष सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. त्यांच्या कानावर माझा नकार गेला. ते वर्गाच्या दारातच उभे राहिले.

"बाई, पाठ दाखवू नका. आमच्यात पाठ दाखवनाऱ्याला काय म्हंत्यात ठावं हाय का?"

"काय म्हणतात?"

"काय बी म्हनत न्हाईत. बोलतच न्हाईत त्याच्यासंगं."

एसटीला वेळ असला की मी शाळेमागच्या चढावरच्या देवीच्या देवळात जाऊन बसायची. तिथले गुरव म्हातारे होते, सगळे त्यांना बाबा म्हणायचे. पर्समधला कागद त्यांनाही माहीत होता; त्या गावात माझ्या पर्समधलं माझ्यापेक्षा इतरांना जास्त माहीत असे. ते म्हणाले, "आवं बाई, आमच्यात देवीला इचारल्याबिगर कुनी बैल सुदीक घेत न्हाई. तुमी येवडी मोटी गोष्ट आपल्या मनानंच ठरवताय व्हय?"

मग कौल लावायचं ठरलं. देवीची मूर्ती काळ्या दगडाची. बाबांनी कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या आणि तिच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, असं मला समजावून सांगितलं. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "आई, बाईनं खुर्चीवर बसावं आसं तुज्या मनात आसंल तर उजवी दे. नसंल तर डावी दे."

आम्ही वाट बघत उभे राहिलो. तेवढ्यात बाहेरून गुरवीणबाईंची हाक आली, म्हैस सुटली म्हणून. बाबा धोतर सावरत पळाले. गाभाऱ्यात मी आणि देवी दोघीच राहिलो. मी हात जोडलेले होते, आणि खरं सांगते, मनात म्हणत होते की डावी दे, म्हणजे सुटले. दोन मिनिटं झाली असतील. एक कळी हलली, घसरली आणि खाली पडली. मी नीट बघितलं. जेवायचा हात तो उजवा, अशी आपल्याच हाताकडे बघून खात्रीही केली. कळी उजवीकडे पडली होती.

बाबा धापा टाकत परत आले. "कंची दिली?"

"उजवी."

"मंग झालं की वो!" म्हणून त्यांनी जोरात घंटा वाजवली. मी तिथंच पायरीवर बसून नकाराच्या कागदाचे तुकडे केले.

जूनमध्ये मी त्या खुर्चीवर बसले. पहिल्या दिवशी प्रार्थनेला माझ्या आवाजानं शेवटच्या चार रांगांचं काहीच बिघडलं नाही. मग मी ओरडणंच सोडलं. पायरीवर नुसती उभी राहायची आणि गप्प बघायची. पोरांना आपोआप अवघडल्यासारखं व्हायचं. सरांनी सफारी घालून मला सांगितलं की पहिला तास आपल्याला जमायचा नाही. एरवी मी म्हणाले असते, बरं सर. त्या दिवशी म्हणाले, "जमवा, सर." आणि त्यांनी जमवला! घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा माझं मलाच ते खरं वाटेना. पण मनात एकच होतं, की मी काही आपण होऊन आलेली नाही, देवीनं बसवलंय, काय ते ती बघेल. त्या एका वाक्यावर मी पावसाळा काढला, दिवाळी काढली. दिवाळीनंतरच्या पालकसभेत तर मी उभं राहून सांगून टाकलं, की यंदाच्या दहावीला कुणाला बाहेरून मदत होणार नाही. पुढच्या रांगेतून सुभेदार हळूच म्हणाले, "बाई, माझी नात बी हाय यंदा." मी म्हणाले, "माहिती आहे. माझ्याच वर्गात आहे."

जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळी मी देवळात बसले होते. एक शेतकरी कौल लावायला आला होता. बांधाजवळ विहीर खणू का, एवढंच त्याला विचारायचं होतं. बाबांनी कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. कळी पडली, उजवीकडे. मला त्याच्यासाठी बरं वाटलं. आणि बाबा म्हणाले, "डावी दिली रं गड्या. तितं नगं." त्यानं मुकाट्यानं नमस्कार केला आणि तो गेला.

मी म्हणाले, "अहो बाबा, उजवी पडली ना? मी बघितली की."

बाबा हसायला लागले. "आवं बाई, तुमची उजवी! देवीची डावी ती. ती आपल्याकडं त्वांड करून बसलीया न्हवं?"

मी पायऱ्या उतरले, एसटीत बसले, साताऱ्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही. समोर बसलेल्याचा उजवा हात आपल्या डाव्या अंगाला येतो, हे बालवाडीतल्या पोराला कळतं. मी गणिताची बाई. देवी मला स्पष्ट नको म्हणाली होती आणि मी तिचा नकार होकार समजून सात महिने तिच्या नावावर मिरवत होते.

घरी ह्यांना सांगितलं. हे आधी पोट धरून हसले. मग माझा चेहरा बघून थांबले आणि म्हणाले, "अगं, पण झालं ते चांगलंच झालं ना?"

"अजून मार्च यायचाय," मी म्हणाले.

त्या दिवसापासून माझी सगळी हवा गेली. प्रार्थनेला मी पायरीवर न जाता ऑफिसच्या दारातच उभी राहायला लागले. देवीनं नको म्हटलेल्या जागी मी बसलेय, मग पोरांच्या परीक्षेत काही भलतंसलतं झालं तर ते माझ्याच माथी, असं वाटायला लागलं. एक वाट होती. मार्चभर आजारपणाची रजा टाकायची, सर केंद्र सांभाळतील, गाव आपल्या रीतीनं मदत करेल आणि मी एप्रिलमध्ये बरी होऊन परत येईन. पालकसभेतला शब्द तेवढा गिळायचा. मी रजेचा अर्ज लिहिला. कागद पर्समध्ये ठेवायची खोड काही गेली नव्हती.

अर्ज देण्याआधी बाबांना खरं सांगावं म्हणून देवळात गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रागावतील. देवाच्या दारात खोटं सांगितलंत म्हणतील. त्यांनी हात धुतले, दोन कळ्या घेतल्या आणि म्हणाले, "लावू का परत?"

मला किती मोह झाला म्हणून सांगू! एक उजवी कळी, देवीची उजवी, आणि मी पुन्हा ताठ उभी राहिले असते. पण कळी पाण्यात बुडवायला त्यांनी हात पुढे केला आणि मी म्हणाले, "नको बाबा." कारण माझं मला कळलं होतं. उजवी पडली तर मी कळीच्या भरवशावर राहणार आणि डावी पडली तर कळीचं निमित्त करून पळणार. दोन्हीकडे देवी कुठं होती? मी आईनं सांगलीला शिकवलं होतं तसं केलं. विचारलं नाही, सांगितलं. "तू नको म्हणाली होतीस. मला कळलं नाही, मी बसले. आता पळून जायची लाज वाटते. पोरांना सांभाळ, मला सांभाळ."

बाबांनी कळ्या तबकात ठेवल्या. म्हणाले, "बाई, तिनं नगं म्हनलं आन तुमी बसला, तरी शाळा चालली न्हवं? मंग कुनी चालिवली? लेकरानं ऐकलं न्हाई म्हून आई काय म्होरलं ताट काडून घेती व्हय?"

हे वाक्य मी इतक्या वर्षांत कुठल्या कीर्तनात ऐकलेलं नाही. तिथंच माझ्या डोळ्यांना धार लागली.

गुरवीणबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "रडनं ऱ्हाऊ द्या. त्या पाठीमागच्या खिडक्यांचं काय करनार हाय तुमी?"

"पोलीस मागवलाय एक."

"तो बसंल चहाच्या टपरीवर. आवं, तुमच्या शाळंच्या पाठीमागं दिसभर ऊन असतंय. आमच्या दारात डोंगराची सावली. मार्चात कुरडया वाळवायला जागा न्हाई आमास्नी. तेवडी जागा द्या की!"

मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा मी त्यांचे हातच धरले. रजेचा अर्ज त्या संध्याकाळी घरी चुलीत गेला असं लिहायला बरं वाटलं असतं, पण आमच्याकडे गॅस होता. मी तो फाडून केराच्या डब्यात टाकला.

त्या महिन्यातल्या हळदीकुंकवाला गुरवीणबाईंनी घरोघर निरोप फिरवला. पहिल्या पेपरच्या सकाळी मी शाळेत पोचले तर पाठीमागची सगळी जागा भरलेली. भिंतीला लागून बाजा, बाजांवर धोतरं, जमिनीवर जुनी लुगडी, आणि त्यांवर पांढऱ्या ओल्या कुरडया. पंधरावीस बायका पदर खोचून सोऱ्या फिरवत होत्या. पाऊल ठेवायला जागा नव्हती. अर्ध्या तासानं नेहमीची पोरं खिशात गाईडची पानं घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली. एक जण म्हणाला, "काकी, जरा वाट दे की."

"पाय तर ठिव रं," काकी सोऱ्या न थांबवता म्हणाली, "तंगडंच मोडते."

वर्गावर्गातून मी फिरत होते. आत फक्त पंख्याचा आणि पेनांचा आवाज. पोरं खिडकीकडे बघायची आणि पुन्हा कागदाकडे बघायची. ती बघणी मला सोसत नव्हती. काही जणांनी कागदावर नाव-नंबर सोडून काही लिहिलं नव्हतं. दुपारी एक बाई आपल्या कुरडया अर्ध्या टाकून उठली. तिचा मुलगा आत होता. जाताना मला म्हणाली, "तुमचं बरं हाय बाई. तुमची पोरं साताऱ्यात शिकत्यात." ते खरंच होतं. मी पुढच्या वर्गावर गेले. दुसऱ्या दिवशी मात्र ती परत आली, कुरडया उलटायला.

गणिताच्या पेपरला सुभेदार आले. पाठीमागच्या कोपऱ्यावर उभे राहिले, बायकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. मग तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. पाठ दाखवणाऱ्याशी बोलत नाहीत असं मला त्यांनीच सांगितलं होतं. मी तर पाठ दाखवली नव्हती, तरी माझ्या वाट्याला तेच आलं.

जूनमध्ये निकाल लागला. निम्म्याहून अधिक पोरं नापास झाली आणि त्यातली बहुतेक गणितात, म्हणजे माझ्याच विषयात. सुभेदारांची नातसुद्धा. गावात मला नाही नाही ते बोललं गेलं. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. मी रोज येता-जाता देवीला तेच सांगायची, सांभाळ. दुसरं काही मागायला मला सुचत नव्हतं. भीती गेली होती असं मुळीच नाही, पण भीती वाटत असताना बसून राहता येतं हे मला तेव्हा कळलं. माझं डावं-उजवं चुकलं म्हणून मी आजही देवीचे उपकार मानते. ते बरोबर आलं असतं तर मी त्या मे महिन्यातच नकार देऊन मोकळी झाले असते आणि जन्मभर एसटीच्या खिडकीतून सरांचा सफारी बघत बसले असते.

निकालानंतर आठवड्यानं सुभेदार ऑफिसात आले. मी उभी राहिले. समितीनं ठरवलं तर माझ्याविरुद्ध वर लिहिता येतं, हे मला माहीत होतं. ते बसले नाहीत. खिशातून नातीची गुणपत्रिका काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"बाई, दर साली पोरगी पास होत आली. मला वाटलं, हुशार हाय. हिला गनित येत न्हाई हे मला ह्या कागदानं सांगितलं. माझा पोरगा बी असाच मदतीनं पास झाला हुता. भरतीच्या लेखी परीक्षेत बसला तवा खिडकीपाशी कुनी न्हवतं. परत आला आन बोलायचाच बंद झाला." ते थांबले. "ह्याच शाळंत झालं ते. मी बी गप बसलो."

गुणपत्रिकेतला गणिताचा आकडा मी बघितला. मी म्हणाले, "सुभेदारसाहेब, गणित मीच शिकवलं तिला. ती नापास झाली त्यात माझाही वाटा आहे."

"हाय की," ते म्हणाले. "म्हून तर आलोय. ऑक्टोबरला परत बसायचंय."

त्यांनी दार उघडलं. बाहेर व्हरांड्यात नात उभी होती. तिच्या मागं, सैन्यात उभं करतात तशी दोन रांगांत, नापास झालेली सगळी पोरं उभी होती. घराघरात जाऊन सुभेदारांनी गोळा करून आणलेली. मान खाली, हातात वह्या. रांगेच्या शेवटी कुरडया टाकून गेलेल्या त्या बाईचा मुलगा होता.

मी तोंडाला पदर लावला. थांबवेना.

"आवं, रडताय कशाला?" सुभेदार म्हणाले. "पोरं उभी हायती. तास घ्या."